साडेसहाशे वॅटचा हलका डबा

काशीदला आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मेव्हणीच्या लग्नाची फिल्म मीच शूट केली, पण ती काही पुरी होईना. एडिटिंग सुरळीत चालायचं. शेवटी फिल्म एक्स्पोर्टला लावली, की थोड्या वेळात कॉम्प्युटर अचानक बंद. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड नवीनच घातलेलं. पॉवर सप्लायवर साडेसहाशे वॅट असं ठसठशीत छापलेलं, म्हणून त्याचा मला संशयही आला नाही.

शेवटी मशीन गाडीत घालून सासुरवाडीला, उरणला नेलं. सासरे एका प्लांटच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झालेले. माणूस अबोल. जेवलात का, निघालात का, यापुढे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं.

त्यांनी पॉवर सप्लाय सोडवून ओटीवर ठेवला. सासूबाईंचा जन्म मासळी विकण्यात गेलेला. येता-जाता त्यांनी तो उचलून पाहिला.

"हलका हाय. आत काय न्हाय याच्यात."

"नुसत्या वजनावर जाऊ नको," सासरे म्हणाले. "काही जण वजन भरायला आत लोखंडाचा तुकडा ठेवतात."

कपॅसिटरमधला चार्ज उतरावा म्हणून जेवणं होईपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही. मग उघडला. आत मोकळं मैदान होतं. फिल्टरची कॉइल हवी तिथे नुसती तार डकवलेली. ट्रान्सफॉर्मर काडेपेटीपेक्षा लहान. सासऱ्यांनी डायोडवरचा नंबर भिंगातून वाचला, मी मोबाइलवर त्याची माहिती काढली. वीस अँपिअर.

"बारा व्होल्टची सगळी लाइन या एकावर आहे. बारा गुणिले वीस करा."

"दोनशे चाळीस वॅट," मी म्हणालो.

"तेही ताणून. तुमच्या मशीनला किती लागतात?"

एक्स्पोर्टच्या वेळी साडेतीनशेच्या आसपास लागत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही पनवेलला नवीन घ्यायला गेलो. सासूबाईही निघाल्या. नवा पीस उघडून बघायला दुकानदार तयार नव्हता, तेव्हा सासऱ्यांनी पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारला आणि मोठ्या कपॅसिटरवरचे आकडे वाचायला सुरुवात केली. सासूबाई शेजारी उभ्या राहून एकेक पीस हातात तोलत होत्या. दुकानदार आधी वैतागला, मग त्यालाही मजा वाटायला लागली. तो स्वतःच आतून आणखी आणून दाखवू लागला. सासू-सासऱ्यांचं एकमत झालं तेव्हाच मी पैसे दिले.

संध्याकाळी फिल्म न अडखळता पूर्ण झाली. अंगणात चादर बांधली, शेजारी जमले. वरात आली आणि पडद्यावर बेंजोच्या तालात, डोक्याला रुमाल बांधून, सासरे नाचताना दिसले. वरातीच्या वेळी आपण जेवणाची व्यवस्था बघत होतो, असं ते सगळ्यांना सांगत आले होते. अंगण हसून हसून लोटपोट झालं. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या.

सासरे माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "जावईबापू, तेवढं पुन्हा लावा."