अक्का, मिथेन आणि आमचा गोठा

संध्याकाळी मी धारा काढत असताना पुण्याहून अक्काच्या सहकाऱ्याचा फोन आला. अक्का गेली होती. आजार वर्षभराचा, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. फोन खिशात ठेवला आणि राहिलेल्या गायींच्या धारा काढल्या...

माझी ही थोरली बहीण संगमनेरजवळच्या आमच्या गावातून भौतिकशास्त्र शिकायला पुण्याला गेली आणि तिथेच संशोधनात रमली. हवेत अगदी थोडे असणारे वायू पृथ्वीला किती तापवतात, ते ती संगणकावर मांडायची. हवा, समुद्र, ढग सगळं समीकरणांत बसवायचं, मिथेन कमी-जास्त करायचा आणि पुढची शंभर वर्षं कशी जातील ते पाहायचं. याला ती मॉडेल म्हणे. मिथेन भातखाचरांतून निघतो, कचऱ्यातून निघतो, आणि रवंथ करणाऱ्या जनावरांच्या तोंडातूनही. आमचं घर तर दुधावरच चाललेलं.

‘गायींमुळे तापमान वाढतं’ अशा मथळ्याखाली तिच्या कामाची बातमी पेपरात आली, तेव्हा डेअरीवर लोकांनी आमच्या वडिलांना, आबांना, छेडलं. ती सुट्टीला आल्यावर आबा जेवताना म्हणाले, “तुजं शिक्षान याच गायींवर झालं, ध्यानात हाय ना?”

“आहे, आबा. पण उत्तर मला बदलता येत नाही. चारा बदलून बघू.”

दोन दिवसांसाठी आलेली अक्का महिनाभर राहिली. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तिने नुसत्या कडब्याच्या जोडीला मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, सुरू केला. दूध वाढलं, लिटरमागे मिथेन घटला. पुढे आबाच डेअरीवर सांगू लागले, “मुरघास घाला. लई फरक पडतो.” मिथेनचं नाव मात्र त्यांनी कधी काढलं नाही.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हाही तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. आता कशाला, असं मी म्हणालो.

“कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. मिथेन दहा-बारा वर्षांत विरतो. आज कमी केला तर तुला फरक दिसेल.” स्वतःचं नाव तिने घेतलं नाही.

“भीती वाटते का गं?”

“रोज शंभर वर्षं पुढे जाऊन येते. तिथे मी कुठेच नसते... सवय झाली.”

आमच्या वरच्या खोलीची खिडकी गोठ्यावर उघडते. वासामुळे आम्ही ती लावून घेतो. अक्का मात्र आल्याबरोबर उघडायची आणि तिथेच कामाला बसायची. परवा बायकोने खोली झाडली, खिडकी उघडीच राहिली. मी लावायला गेलो, तर खाली अंगणात बसलेले आबा वर न बघताच म्हणाले, “ऱ्हाऊ दे.”