पाईकांचं मूळ गाव

बंदरात उभ्या जहाजाच्या तळाला कालवं चिकटतात. घरात परदेशी जावई आला की किस्से चिकटतात. वेळेवर खरवडले नाहीत तर घर जड होतं. म्हणून सांगतो.

माझं आडनाव तांडेल. शाळा चौथीपर्यंत, बाकी आयुष्य जहाजाच्या डेकवर. आता परदेशात, पुंगोलला, मुलीच्या म्हणजे स्वातीच्या फ्लॅटमध्ये असतो. जावई टॉम पाईक, अमेरिकन.

पहिल्या भेटीत मी त्याला एकच विचारलं, "मूळ गाव कोणतं?"

"ओहायो."

"ते राज्य झालं. गाव?"

त्याला सांगता येईना. ओहायोत खापरपणजोबाचं थडगं आहे, त्यावर नाव आहे, एलायजा वॉरन पाईक. तो कुठून आला, कुणाचा कोण, काही पत्ता नाही.

मी स्वातीला म्हटलं, "ज्याला गाव नाही, त्याला मुलगी कशी द्यायची?"

"बाबा, मी विचारत नाहीये. कळवतेय!"

लग्न झालं. पण माझा प्रश्न टॉमने मनाला लावून घेतला. पुढे स्वातीला दिवस गेले, तसा हटूनच बसला. मूल व्हायच्या आत गाव सापडलंच पाहिजे!

*

वरच्या मजल्यावर मोकाशी राहतो. पुण्याचा, आयटीत मॅनेजर. त्याला सगळं माहीत असतं.

"पाईक म्हणजे पायदळातला शिपाई! शब्द आपला आहे, काका. एखादा मावळा जहाजात बसून गेला असणार!"

जेवताना टॉम मला विचारतो, "बाबा, मी मावळा?"

म्हटलं, "आधी बांगड्याचे काटे काढायला शीक."

*

सत्यनारायणाला गुरुजींनी गोत्र विचारलं. टॉमचा चेहरा पडला.

"ज्याला गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप," गुरुजी म्हणाले आणि पुढे गेले.

प्रसाद वाटेपर्यंत टॉम लॅपटॉप उघडून बसलेला. अमेरिकेत काश्यप पाईक शोधत होता!

*

मग मोकाशीला साक्षात्कार झाला. "अहो, सोपं आहे! मधलं नाव म्हणजे बापाचं. एलायजाचा बाप वॉरन. वॉरन पाईकला धरा!"

झालं. ब्लॉकमधली मराठी माणसं ऑफिसातून आली की वॉरन पाईक शोधायला बसायची. शेवटी एक सापडला. घोडे चोरून तुरुंगात गेलेला.

आमच्याकडे असला पूर्वज निघाला तर लोक दार लावून घेतात. टॉमने सगळ्यांना खाण्याच्या टपऱ्यांवर, हॉकर सेंटरला नेऊन बिअर पाजली!

*

स्वातीला सातवा लागला होता. कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "टॉम, तुझं मधलं नाव ॲलन ना?"

"हो."

"आणि तुझ्या वडिलांचं नाव?"

"रॉबर्ट."

मोकाशी समोरच बसला होता. तोही कपड्यांच्या घड्या घालायला लागला.

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" स्वाती ओरडली.

"मोकाशी इतक्या खात्रीने सांगत होता! मला वाटलं, जुन्या काळी तसंच असेल."

घोडेचोर ज्याचा त्याला परत केला.

*

नंतर कळलं, वॉरन हे एलायजाच्या आईचं माहेरचं आडनाव. तिकडे पुष्कळ जण मुलाच्या नावात मधे आईचं माहेर घालत. वॉरन घराणं धरलं आणि गाव सापडलं.

संध्याकाळी टॉम माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मराठी पाठ करून आला होता.

"बाबा, माझं मूळ गाव ग्रे कोव्ह. खाडीच्या तोंडावर आहे. लोक मासे मारतात."

मीही खाडीवरचाच.

"बैस," म्हटलं. "बांगडा गरम आहे."

एक काटा त्याच्या घशात गेला. बोलला नाही.

*

मुलगी झाली. बारशाला पाळण्यावर पाटी लावली होती. टॉमने स्वतः देवनागरीत रंगवलेली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पाटीवर होतं, 'मीरा तांडेल पाईक'.

मोकाशी भर घोळक्यात ओरडला, "अरे टॉम, चुकलं! मधे बापाचं नाव लागतं. टॉम लिही, टॉम!"

टॉम माझ्याकडे बघत राहिला.

"राहू दे, मोकाशी," मी म्हटलं. "शंभर वर्षांनी तुझ्यासारख्यांना चुकायला काहीतरी नको का?"