पडदा पाडला, म्हणजे हरलात!

“जळगाव-धुळ्याकडे फिरायला? तिथं आहे काय?” असं कुणी नाक मुरडून विचारलं की माझं डोकंच फिरतं. ऊन आहे, कापूस आहे, भरीत आहे, आणि आमच्या तोंडाला लगाम नाही. एवढं पुरत नसेल तर खुशाल दुसरीकडे जा. पुरत असेल तर बसा, नव्वदच्या आसपासची आमची एक धुळ्याची फेरी सांगते. रस्ता आजही तोच आहे, फक्त रुंद झालाय.

आमची म्हणजे माझी आणि शेवंताची. धरणगावजवळच्या एका खेड्यात आम्ही समोरासमोरच्या गल्ल्यांत वाढलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि दोन गल्ल्यांतल्या पोरी समोरासमोर उभ्या राहून गाण्यातून एकमेकींची उणीदुणी काढतात. टोमणा आला की तिथल्या तिथे कडवं जुळवून परत फेकायचं. ज्या बाजूचं तोंड आधी बंद होईल ती हरली. मधेच निघून गेलं तरी हरलीच. शेवंतानं मला किती वेळा हरवलं ते मी इथे मुळीच सांगणार नाही. आमची जोडी जमली ती अशी भांडून.

लग्नानंतर मी जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात आणि ती भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तिच्या नवऱ्यानं आल्या आल्या बजावलं, “चारचौघांत अहिराणी बोलू नको, लोक गावठी म्हणतात.” जिच्यापुढे अख्खी गल्ली गार पडायची, ती बाई वर्षानुवर्षं ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यावर जगली हो! समोरच्या क्वार्टरमधल्या शुद्ध बोलणाऱ्या वहिनींशीसुद्धा धडा वाचल्यासारखी बोलायची. मला तिच्याकडे जायलाच नको वाटायचं, इतकी ती तिथे परकी दिसायची.

तर धुळ्याला एक लोकगीत मंडळ होतं. महिन्यातून एकदा संध्याकाळी गाण्यांची बैठक. त्यांचे कार्यवाह, सगळे त्यांना नाना म्हणत, गावाकडच्या एका लग्नात आमचं गाणं ऐकून गेले आणि आमंत्रण धाडलं: दोघी या, आखाजीची गाणी म्हणा. शेवंतानं नवऱ्याला “जाऊ का?” असं विचारलं नाही. “मी जास,” म्हणाली, जाते म्हणाली, तेही अहिराणीत. तो म्हणे तोंडातला घास तसाच ठेवून बघत राहिला.

ती भुसावळहून रेल्वेनं जळगावला आली, तिथून आम्ही धुळ्याची एसटी धरली. एरंडोल, पारोळा, धुळे. दोन-तीन तासांचा रस्ता, तेव्हा खड्डे धरून जास्तच. तिकिटाचा तेव्हाचा दर सांगून तुमचा काय फायदा? खिडकीवर विचारा. जाताना मात्र हिवाळ्यातच जा. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस असतो, आणि भरताची हिरवी वांगी त्याच दिवसांत मिळतात. आम्ही घरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा नेला होता. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा ते खाल्लं, वर स्टँडवरचा कडक चहा.

गाडीत आमची तालीम चालली होती. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थबकला.

“अक्का, हाई भांडन शे का गानं?”

“दोन्ही शे भाऊ,” शेवंता म्हणाली. “तुमले काय जोयजे?”

“भांडन,” तो म्हणाला आणि घंटी ओढली. मी तिला इतकं मोकळं हसताना कितीतरी वर्षांनी पाहिलं.

धुळ्यात उतरून आम्ही पांझरेच्या पुलाजवळच्या खानावळीत शेवभाजी खाल्ली. नाकाडोळ्यातून पाणी आलं. गायच्या आधी तिखट खाऊ नये म्हणतात, पण म्हणणाऱ्यांनी खानदेशात जन्म घेतला नसणार. मग मंडळाच्या हॉलवर गेलो. पुढे खुर्च्या, त्यावर गावातली मोठी मंडळी. मागे सतरंजी, तिथे बाया.

नाना पडद्यामागे आले. माणूस गोड, पण त्या दिवशी घाबरलेला.

“ताई, शब्द जरा शुद्ध करून घ्या. पुढच्या रांगेत पाहुणे आहेत. आणि दोघी एकाच माइकसमोर उभ्या राहा, पेटीच्या सुरात. भांडण नको, भक्तिभावानं म्हणा.”

“आखाजीचं गाणं भक्तिभावानं?” मी म्हटलं. “नाना, तुम्ही आम्हाला बोलावलंत कशाला मग?”

“नाहीतर नंबर रद्द करावा लागेल हो,” ते हळूच म्हणाले.

मी शेवंताकडे पाहिलं. तिचा चेहरा क्वार्टरमधल्यासारखा झाला होता. वाटलं, झालं, आता ही ‘बरं’ म्हणणार. आज इथे ‘बरं’ म्हणाली तर ही परत कधी तोंड उघडायची नाही, हे मला लख्ख कळत होतं.

“बरं,” ती म्हणाली.

पडदा उघडला. पेटीवाल्यानं सूर दिला. मी माइकसमोर उभी, आणि शेवंता चालत चालत रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. कमरेवर हात ठेवले आणि माइकबिइक काही न घेता खणखणीत आवाजात माझ्यावर सोडलं:

“तुमनी गल्लीनी विहीर कोरडी व, घागर कसाले आनी?”

अगं बाई! आखाजीत समोरून टोमणा आल्यावर कुणी थांबतं का? मीही माइक सोडला.

“आमनी विहीर कोरडी तरी तुमले पाजसूत पानी!”

सतरंजीवर एकदम खसखस पिकली. विंगेतून नाना हातानं ‘आवरा, आवरा’ करत होते. शेवंतानं ते पाहिलं आणि तोफ पेटीकडे वळवली.

“पेटीवाला भाऊ, तुन्ही पेटी काबर रडस?” का रडते म्हणून.

“आमनं गानं आयकीसन तिना गयामा सूर अडस!” मी जोडलं, आमचं ऐकून तिच्या गळ्यात सूर अडतो म्हणून.

पेटीवाल्यानं हसून भात्यावरचा हातच काढला. पुढचे पाहुणे मात्र दगडासारखे बसलेले. तेवढ्यात मागून, सतरंजीवरून, कुणा म्हाताऱ्या बाईचा फाटका पण पक्का आवाज आला:

“पुढे बठेल भाऊसले सांगा, टाया काबर रोखी? माय घरमा अहिरानी बोलस, शहरमा काबर मुकी?”

पुढच्यांनी टाळ्या का रोखल्या, घरात बोलणारी माय शहरात मुकी का, म्हणून विचारत होती ती. मागच्या सगळ्या बाया उठून उभ्या. अर्ध्या शेवंताच्या बाजूनं, अर्ध्या माझ्या. कडव्यावर कडवं! खुर्चीवरचे एक पाहुणे न राहवून टाळी वाजवायला लागले, आणि शेजारच्यानं त्यांचा हात धरला. नाना पार गोंधळले आणि त्यांनी भर कडव्यात पडदा सोडला.

आता आमच्याकडे मधेच निघून जाणं म्हणजे काय, हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पडद्यापलीकडून एकच आरोळी आली, “हारनात! हारनात!” हरलात म्हणून. शेवंता तिथेच पायरीवर बसली आणि हसता हसता रडली. मीही रडले, लपवत नाही.

मंडळानं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. गेलं उडत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही परत आलो.

पण त्या फेरीतून शेवंताच्या घरी काय आलं, ते आखाजीला कळलं. शेवंताला माहेरी जायला जमलं नाही, म्हणून मीच भुसावळला गेले. मला येताना पाहिलं आणि ती क्वार्टरच्या ओट्यावरून सगळ्या कॉलनीदेखत ओरडली:

“पिंप्रायानी बाई उनी व, हात हालवत उनी!”

मी उत्तर जुळवते न जुळवते तोच समोरच्या क्वार्टरचं दार उघडलं. त्या शुद्ध बोलणाऱ्या वहिनी दारात उभ्या:

“पाहुनीले पानी दे व पहिले, तू कोन गावनी रानी?”

शेवंताला हरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“वहिनी, तुमले अहिरानी येस?”

“मी एरंडोलनी शे.”

“मंग इतला वरीस काबर नही बोलन्यात?”

“तू काबर नही बोलनी?” वहिनी म्हणाल्या.

इतकी वर्षं दोघी समोरासमोर राहून एकमेकींना घाबरत होत्या की काय! तेवढ्यात आतून शेवंताच्या नवऱ्यानं खाडकन खिडकी लावून घेतली. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि एका सुरात ओरडलो, “हारनात!”