वन्संचे आभार

घास तोंडात होता आणि वन्सं गेल्या. मऊ खिचडी होती, वर चमचाभर तूप. मी म्हटलं, "गिळा." त्या गिळेनात. पुन्हा म्हटलं. सकाळपासून माझी कंबर धरली होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं, कामाला येणारी चंदा जेवायला तिच्या घरी गेली होती. मग मी चिडून म्हटलं, "वन्सं, आता गिळता का वाटी उचलून ठेवू?" त्यांचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते. मला वाटलं, हट्ट चालला आहे... थोड्या वेळानं कळलं. बोटानं तो घास बाहेर काढला, तोंड पुसलं, डोळे मिटले आणि माझ्या मुलाला, नितीनला, फोन लावला. मी रडले नाही. मनात पहिलं आलं ते हे, की आता संध्याकाळी यांची कूस बदलावी लागणार नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वत्सला. लग्न होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच विधवा झाल्या आणि माहेरी आल्या त्या कायमच्या. माझे मालक रेल्वेत होते, घर रायपूरला, गुढियारीत. मी वर्ध्याकडच्या खेड्यातून चौथी शिकून इथं आले तेव्हा घरात सगळं वन्संच्या हुकमानं चाले. भांड्याच्या कडेवरून बोट फिरवून म्हणायच्या, "काहून वं, हे घासलं का नुसतं कुरवाळलं?" भाजीत मीठ जास्त झालं तर, "मीठ तुया बापाच्या घरून फुकट येते काय?" हे रोजचं होतं. रोजच्याची सवय होते. एका गोष्टीची मात्र झाली नाही.

माझ्या आईचं जास्त आहे असा निरोप आला तेव्हा घरात लोणच्याच्या कैऱ्या चिरून मीठ लावून ठेवल्या होत्या. मी पिशवी भरू लागले. वन्सं म्हणाल्या, "लोणचं घालून जाय. एवढ्या कैऱ्या सडवते काय? तुयी माय आजच्या आज नाही जात." मालक बहिणीपुढे कधीच बोलत नसत. मी मसाला कालवला, बरण्या भरल्या, तोंडाला फडकी बांधली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले. घराजवळ पोचले तर माणसं नदीवरून परत येत होती. ते लोणचं वर्षभर पुरलं. सगळ्यांनी खाल्लं. मी बोट लावलं नाही आणि वन्संनी ते पाहिलं की नाही, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तेव्हा आमच्या मोहल्ल्यात फटाके फुटले. लोक मिठाई वाटत होते आणि वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या, "राजधानी झाली म्हणे. मंग आता नळाले पाणी येईन काय?" ज्यांनी मिठाई आणली होती ते तसेच परत गेले. मालक वारले, नितीनला नव्या रायपूरला ऑफिसात नोकरी लागली, त्यानं तेलीबांध्याकडे फ्लॅट घेतला. आम्ही दोघी म्हाताऱ्या गुढियारीत राहिलो. एकमेकींचं प्रेम होतं म्हणून नव्हे. दोघींनाही दुसऱ्याच्या घरात राहायचं नव्हतं, एवढंच.

मोतीबिंदू काढला तेव्हा वन्सं काही दिवस नितीनकडे होत्या. तिथं तळ्याकाठी सकाळी म्हाताऱ्या बायका जमत. त्यांच्यातल्या कोणी निवृत्त मास्तरीणबाईंनी सगळ्यांना नेम घालून दिला होता : रोज संध्याकाळी, दिवसात काय चांगलं झालं ते मोठ्यानं बोलायचं आणि ज्याच्यामुळं झालं त्याचे आभार मानायचे. वन्संनी तो नेम घरी आणला. मी दिवा लावला की त्या पाटावर बसत आणि सुरू करत. पहिले काही दिवस ऐकण्यासारखे होते. "गॅसवाल्याचे आभार, आज वेळेवर आला. सिलिंडर आपटलं ते जाऊ द्या." "भाजीवालीचे आभार, आज सडके टमाटे कमी देल्ले." "कमलचे आभार, आज वरणात मीठ होतं. काल नव्हतं." कमल म्हणजे मी.

मी आतून ओरडले, "वन्सं, हे आभार आहेत का फिर्याद?"

"शिकून राहिली नं मी," त्या म्हणाल्या. "एकदम कसं जमन?"

मी मनात हसले. म्हातारपणी चष्म्याचा नंबर बदलतो, जीभ बदलत नाही, असं मला वाटत होतं. पण त्या चिवट होत्या. जो चिवटपणा मला छळायला वापरला तोच इथं लावला. संध्याकाळी सांगायला काहीतरी हवं म्हणून दिवसभर शोधावं लागे आणि चांगलं शोधण्यात गुंतलेल्या माणसाला भांड्याच्या कडा तपासायला वेळ उरत नसावा. टोमणे कमी झाले. आधी अंथरुणावर पडल्या पडल्या त्या जुनी भांडणं एकट्याच भांडत, मला भिंतीपलीकडून ऐकू येई. ते थांबलं, झोप लागू लागली. भाजीला नावं ठेवणं सुटलं तशी एखादी पोळी जास्त जाऊ लागली. आमच्याकडे कामाला बाई टिकत नसे, चंदा टिकली. मी हे जवळून पाहिलं म्हणून लिहिते. पेपरच्या पुरवणीत वाचते की कृतज्ञतेनं आयुष्य वाढतं. वाढतं की नाही मला ठाऊक नाही. पण घरातल्या दुसऱ्या माणसाला बरं पडतं.

मग वन्संची डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, थोडं जड झालं. उठवणं, धुणं, भरवणं, कूस बदलणं माझ्यावर आणि चंदावर आलं. वन्संनी हाक मारली की चंदा तिच्या छत्तीसगढीत "हव दाई", हो आई, म्हणत यायची. पण ती दिवसाची. बाकी वेळ मी. आणि हे सांगायला हवं, की आभार ऐकून पाठ दुखायची थांबत नाही. एकदा मी त्यांच्या पाठीला पावडर लावत होते, तर म्हणाल्या, "कमल, तुये लय आभार."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मले तुमचे आभार नको, वन्सं. आभाराच्या आधी माफी असते."

मला वाटलं, समजलं नसेल. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "लोणच्याचं म्हणून राहिली काय?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं... इतकी वर्षं. मी हो म्हटलं.

"मागतली तर देशीन?"

"नाही."

"मंग काहून मागू?" थोडा दम घेऊन पुढं म्हणाल्या, "आभार माये आहेत. त्याले तुयी परवानगी लागत नाही."

मी त्यांना दुसऱ्या कुशीवर केलं आणि बाहेर येऊन बसले. राग आला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी कंबर अशी धरली, की मला स्वतःलाच उठता येईना. नितीननं शहराबाहेर एक वृद्धाश्रम पाहिला. मला विचारलं. मी म्हटलं, पाठव. खरंच म्हटलं, मनापासून. रविवारी तो सांगायला आला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो हिंदीत. "आत्या, वहाँ नर्स है, चौबीस घंटे. आई भी थक गई है ना."

मी दाराशी उभी होते. मला वाटलं आता शिव्या निघतील, माझ्या बापापासून सुरुवात होईल. मी तयार होते. शिव्या निघाल्या असत्या तर मला सोपं झालं असतं. वन्संनी उजव्या हातानं नितीनचं मनगट धरलं. "हो, थकली. दिसते मले. बरं केलं बेटा, पाहून ठेवलं."

संध्याकाळी मी दिवा लावला. वन्संनी रोजच्यासारखी सुरुवात केली. नितीन आला त्याचे आभार. चंदानं केस विंचरले तिचे आभार. मग म्हणाल्या, "कमलचे आभार. कमलनं इतके दिवस ठेवलं."

ठेवलं, म्हणाल्या. जणू निघून गेल्याच होत्या. आवाज रडवेला नव्हता. त्यात मला बोचावं असंही काही नव्हतं, ते मला आयुष्यभर ऐकून लगेच ओळखू येत होतं. मी दिव्यापाशी उगाच उभी राहिले.

सकाळी नितीनला फोन केला. "सांगून दे तिकडं, नाही येत म्हणून."

"आई, लेकिन तुम्हारी कमर?"

"कंबर मायी आहे."

मला दया आली असं कोणी समजू नये. मी लग्न होऊन आले तेव्हाच्या वन्सं असत्या तर मी त्याच दिवशी गाडीत बसवून दिलं असतं आणि दार लावून चहा केला असता. त्यांनी जो नेम धरला त्यानं त्यांना या घरात राहू दिलं. दुसऱ्या कोणत्याही गोष्टीनं नाही, नात्यानं तर मुळीच नाही. ऐंशीच्या पुढे माणसाला आणखी काय हवं असतं? आपल्या खाटेवर मरायला मिळावं, ओळखीच्या माणसाच्या हातून. ते त्यांना मिळालं. हात माझे होते, पण मिळवलं त्यांनी.

तेरवीला बायका म्हणाल्या, "कमलताई, तुमचं मन मोठं." मी म्हटलं, मन तेवढंच आहे, कंबर गेली. कोणी हसलं नाही. माफी त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही आणि त्या गेल्या म्हणून मी आता देणार आहे असंही नाही. आई माझी होती.

खाट चंदाला देऊन टाकली. संध्याकाळी दिवा लावते. चंदा म्हणते, "दाई, अब तैं बोल." मी बोलत नाही. माझ्या तोंडी ते खोटं वाटतं. फक्त दिवा लावून झाल्यावर थोडा वेळ तिथंच उभी राहते, कोणी काही बोलेल म्हणून. मग आत जाऊन भात टाकते, एकीपुरता. या घरात आम्ही दोघी होतो. वन्सं गेल्या. मी आहे.