पहिले घोडा देखा

घोडी गाभण राहिली नाही की मालक घोडीलाच शिव्या घालतो. अशा मालकाला आमचे जिभाऊ तिथेच झापत. "घोडीले नका बोला. पहिले घोडा देखा," असं म्हणत ते घोड्या गाभण करायला पाळलेला स्वतःचाच काळा घोडा सोडून पुढे आणत. आमच्या गावच्या, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पोरंसोरंही त्यांच्या या वाक्याची नक्कल करत. जिभाऊ म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ.

आणि याच माणसाने सुनंदावहिनींना मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षं दवाखाने, उपास आणि अंगारे यांतून फिरू दिलं. स्वतः मात्र दवाखान्याच्या फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसून राहायचे. आत चला म्हटलं की म्हणायचे, "बाईस्ना दवाखाना शे. मी मझार जाईसन काय करू?" मला त्याचा अजून राग येतो.

शेतात दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी त्यांच्या डाव्या जांघेत ओढ लागे. खाटेवर आडवं झाल्यावर बरं वाटे. आम्ही विचारलं तर म्हणत, "काय नही, खोगीरना त्रास शे." खोगीर बिचारं काय बोलणार!

इकडे त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या मोठीमायने, उघडपणे दुसरी सून शोधायला घेतली. "एवढं शिवार कोन खाई?" हे तिचं पालुपद. वहिनींनी खांडबाऱ्याला माहेरी जायची पिशवी भरून दाराआड ठेवली होती, हे मी पाहिलं होतं. तेवढ्यात नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बजावलं, "तुमच्यात काही दोष नाही. आता नवऱ्याला आणल्याशिवाय मी औषध देणार नाही." माझी नोकरी नंदुरबारला, म्हणून जिभाऊंना हे सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

जिभाऊ घोड्याला खरारा करत होते. ऐकूनही हात थांबेना. शेवटी माझाच तोल गेला. म्हटलं, "जिभाऊ, पहिले घोडा देखा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नंदुरबारला येऊन माझ्या दारात उभे राहिले.

डॉक्टरांनी त्यांना उभं करून, श्वास रोखायला लावून तपासलं. अंडकोशातल्या शिरा फुगून त्यांचा गुंता झाला होता. तिथे रक्त साचतं, ऊब वाढते आणि बीज कमजोर होतं, असं त्यांनी समजावलं. तपासणीत बीज फारच कमी निघालं. जांघेजवळ लहानसा छेद घेऊन त्या शिरा बांधता येतील; गुण दिसायला काही महिने लागतील, आणि मूल होईलच अशी हमी नाही, हेही स्पष्ट सांगितलं. बाहेर आल्यावर रिक्षात जिभाऊ एवढंच म्हणाले, "आनि मी तिले उपास कराले लावत व्हतू."

ऑपरेशन सुरतला झालं. गावात सांगितलं हर्नियाचं. तशी शपथच त्यांनी मला आणि वहिनींना घातली होती. मग काय, अख्खं गाव केळी घेऊन हर्निया बघायला लोटलं. प्रत्येकाचा एक मामा नाहीतर साडू हर्नियावाला. वहिनी सगळ्यांना चहा देत होत्या, आणि त्याच पाहुण्यांकडून "आते तरी काही इलाज कर वं माय" हेही ऐकून घेत होत्या.

त्यानंतर महिन्याभराने भावकीतल्या एका पुतणीचं डोहाळजेवण होतं. वहिनी ओटी भरायला पुढे झाल्या, तर मोठीमायने त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू नको. दुसरी कोनी भरी." वहिनी मागे सरकल्या. ओसरीवर पुरुषांत बसलेले जिभाऊ उठले आणि थेट बायकांच्या घोळक्यात जाऊन उभे राहिले.

"माय, ताट दे तिले. तिन्हामा काही खोट नही. खोट मन्हामा व्हती. हर्निया नही व्हता तो, तेन्हंच आप्रेशन व्हतं. ओटी सुनंदाच भरी."

ओटी वहिनींनीच भरली. मोठीमाय त्या दिवसापासून लेकाशी बोलली नाही. गावाने तर अजबच केलं. मालकाची खोट घोड्याला लावून टाकली. जिभाऊंच्या दारी घोडी आणायची लोकांनी बंद केली, आणि तो उमदा काळा घोडा शेवटी बाजारात परक्या माणसाच्या हाती द्यावा लागला. त्या दिवशी मी जिभाऊंना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

पुढच्या तपासणीत बीज बरंच सुधारलं होतं. पण वहिनींची चाळिशी उलटली होती. मूल झालं नाही. "इलाज झाया, पन येळ नही ऱ्हायना," जिभाऊ म्हणाले. ती दाराआडची पिशवी शेवटी दोघांनी मिळून उचलली. आता ते खांडबाऱ्याला सासऱ्यांचं दुकान बघतात. सारंगखेड्याला येत नाहीत, बाजार भरला तरीही नाही.

मागच्या वर्षी मात्र ते अचानक माझ्या घरी आले. आमच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती, आणि माझी आई माझ्या बायकोला कुठल्याशा बाबाकडे न्यायला निघाली होती. कोणी कळवलं कोण जाणे. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आईच्या हातातली पिशवी काढून खुंटीला लावली, बायकोला खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे वळले.

"गाडी काढ," जिभाऊ म्हणाले. "पहिले तू."