सिंगापूर: सुनेला ‘कीप’ करणं पोलिशमध्ये कसं सांगायचं?

“मावशी, तिकीट मी काढतो. तू फक्त ये,” असा सुगतचा फोन आला, तेव्हा मी ‘स्प्रिंग’पाशी अडले होते. स्प्रिंग म्हणजे वसंत, झरा, उडी की तारेची गुंडाळी, हे इंग्रजीला ठरवावं लागत नाही. पोलिशला लागतं. पुण्यात बसून यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीतून पोलिशमध्ये करायची, ही माझी नोकरी. जिवंत पोलिश माणसाशी मात्र मी तोवर कधी बोलले नव्हते.

सुगत माझा भाचा, सिंगापूरला संशोधन करतो. तिथेच त्याचं एवा नावाच्या पोलिश मुलीशी जमलं. तिची आई पोलंडहून येणार होती, आणि नागपूरहून माझी ताई, म्हणजे सुगतची आई. आधी मुलाकडच्यांना बघते, मग होकार देते, असं त्या बाईंचं म्हणणं. एवा त्यांची एकुलती एक. तर दोन आयांच्या मध्ये दुभाषी मी. २००७ सालची ही गोष्ट.

जाणाऱ्यांसाठी सांगते: विमानतळावरूनच एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मिळते. तानाह मेराहला गाडी बदलायची आणि हिरव्या लाइनने थेट क्लेमेंटी, सुगत तिथेच राहायचा. कार्ड दाखवलं की फाटक उघडतं. बाहेर घामाच्या धारा आणि डब्यात कुडकुडायला होतं, तेव्हा शाल हातात ठेवा.

सुगतच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिरताच मी एवाच्या आईला हात जोडून म्हणाले, “पानी हालिना!” पोलिशमध्ये ‘पानी’ म्हणजे बाई, श्रीमती. नागपूरच्या ताईने तत्परतेने ग्लासभर पाणी आणून त्यांच्या हातात दिलं. त्या घटाघटा प्यायल्या. सुरुवात चांगली झाली.

संध्याकाळी एवाने आम्हाला साते खायला नेलं. काडीला टोचून भाजलेलं चिकन आणि सोबत दाण्यांची दाट चटणी. जरूर खा. चटणीत काय आहे, हालिनाबाईंनी मला विचारलं. माझ्या कामात ‘नट’ म्हणजे एकच वस्तू, नाक्रेंतका. सवयीने तेच तोंडातून गेलं. बाईंनी काडी खाली ठेवली. एवा हसून हसून वाकली. “मावशी, तू माझ्या आईला बोल्टवरचे नट वाटून खायला घालतेयस!”

तिसऱ्या दिवशी दुपारी एवा प्रयोगशाळेत अडकली, म्हणून आम्ही चौघं खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवायला गेलो. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट ठेवलं की जागा तुमची. कुणी हलवत नाही. चिकन राइस तीन डॉलरांत पोटभर. मी रांगेत उभी राहिले. “आंटी, चिली वॉन्ट ऑर नॉट?” काउंटरवरच्या अंकलनी दरडावलं. मी “वॉन्ट” म्हटलं आणि ताटं घेऊन परतले, तर हालिनाबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. ताईचा चेहरा उतरलेला.

“मावशी, मी काही वाईट बोललो नाही गं,” सुगत रडवेला झाला होता. “आई म्हणाली, एवाला आम्ही सांभाळू. मी म्हटलं, वी विल कीप हर.”

हालिनाबाईंनी हातातला छोटा शब्दकोश माझ्यापुढे सरकवला. ‘कीप’समोरच्या एका शब्दावर त्यांचं बोट होतं. अडकवून ठेवणे, जाऊ न देणे.

“माझ्या मुलीला परत येऊ देणार नाहीत?” त्यांनी पोलिशमध्ये विचारलं.

मी इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून जायचं ठरवलं. सांभाळणे. पण ऐन वेळी आठवला तो माझ्या माहितीपत्रकांतला शब्द. मी म्हणून गेले, “माझी बहीण एवाची नियमित देखभाल-दुरुस्ती करेल.”

त्या हळूच म्हणाल्या, “तेलपाणी करून?”

मी ताईला सांगितलं. ताई ठसक्यात म्हणाली, “तेल तर घालीनच! दर रविवारी, डोक्याला, कोमट करून.”

हे पोलिशमध्ये सांगताना मलाच हसू आवरेना. बाईही हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग त्यांनीच मला बरोबर शब्द दिला: ओपिएकोवाच शे. लेकराला, आजाऱ्याला, आपल्या माणसाला करतात ते. पण लगेच गंभीर होऊन विचारलं, “नाताळला घरी पाठवाल ना?”

“दरवर्षी,” ताई म्हणाली. “आणि पुढे पोरं झाली, तर त्यांना तुमची बोली आली पाहिजे. नाहीतर आजीशी बोलतील कशी?”

हे मी सावकाश सांगितलं, एकेक शब्द तपासून. हालिनाबाईंनी पर्स शेजारच्या खुर्चीवर ठेवली, ताट पुढे ओढलं आणि आपल्यातलं अर्धं चिकन ताईच्या ताटात वाढलं.

निघताना विमानतळावर त्यांनी ताईला मिठी मारून ‘स्फातोवा’ म्हटलं. मुलाच्या किंवा मुलीच्या सासूला त्यांच्याकडे असं म्हणतात. “म्हणजे विहीणबाई,” मी ताईला सांगितलं. इंग्रजीत यासाठी एक शब्द मला आजवर सापडलेला नाही.

सिंगापूर छानच आहे, पण घरी आल्यावर उंच इमारती फारशा आठवत नाहीत. त्या टेबलावरची दुपार आठवते. इतकी वर्षं शब्द निवडून पगार घेतला. कुणाचा जीव त्या शब्दावर टांगलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

परवा ताईचा फोन आला. “विहीणबाईंचा फोन होता. एवाला सर्दी झालीय म्हणे.”

“तुला पोलिश कधीपासून कळायला लागलं?”

“त्यांनी शिंकून दाखवलं,” ताई म्हणाली. “मी काढा सांगितला.”