आदल्या दिवशीची पर्वती

हेमा लिमयेबाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी घोकत बसणाऱ्या पोरांची यथेच्छ खरडपट्टी काढली. निवृत्तीनंतर स्वतःच्या रक्ततपासणीची वेळ आली, तेव्हा मात्र रिपोर्ट चांगला यावा म्हणून बाई आदल्या दिवशी पर्वती लागोपाठ तीनदा चढल्या. एरवी त्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही रिक्षाने जात!

रिपोर्टमध्ये लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली निघाली. चहापलीकडे कधी काही न प्यायलेल्या बाई हादरल्याच.

डॉक्टर आमोद त्यांचाच जुना विद्यार्थी. पर्वतीची हकिगत ऐकून तो हसला. "बाई, एकदम दमवलेल्या स्नायूंमधूनही हीच एन्झाइम्स रक्तात येतात. आठवडाभर आराम करा, मग पुन्हा तपासू. आणि आदल्या दिवशी घोकून..."

"कळलं," बाई म्हणाल्या. "फेरपरीक्षेची तारीख सांग."